एकट्याने कशाला सोडायची?

सिगारेटच्या, विडीच्या पाकिटावरचं चित्र आता सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. पैसे देता देता गिऱ्हाईक त्यावर अंगठा ठेवतं, नाहीतर पाकीट उलटं करून खिशात टाकतं. उलट्या बाजूलाही तेच चित्र असतं, कारण २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्यासाठी ठेवावा लागतो. या इशाऱ्यातच एक फोन नंबर छापलेला असतो: १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून तो तिथे आहे. फोनला पैसे पडत नाहीत. पलीकडे बसलेल्या माणसाचं कामच मुळी तंबाखू सोडायला मदत करण्याचं असतं.

या लेखाच्या निमित्ताने टपऱ्यांवर, एसटी स्टँडवर, कंपन्यांच्या गेटबाहेर बऱ्याच जणांशी बोललो. चित्र सगळ्यांना आठवत होतं. हा नंबर कशाचा, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. काहींना तो तक्रारीचा वाटत होता, काहींना कंपनीचा. एक जण तर पाकीट डोळ्यांपुढे धरून म्हणाला, "रोज हातात असतं हे, आणि आज वाचतोय."

सोडायची इच्छा नसते असं मुळीच नाही. केंद्र सरकारने २०१६-१७ मध्ये प्रौढांमधल्या तंबाखू सेवनाची देशभर पाहणी केली. तेव्हा भारतात सुमारे दहा कोटी माणसं धूम्रपान करत होती. त्यातली निम्म्याहून जास्त माणसं सोडण्याच्या विचारात होती, आणि शंभरातल्या अडतीसांनी आदल्या वर्षभरात एकदा तरी प्रयत्न करून पाहिला होता. या प्रयत्न करणाऱ्यांपैकी दहातल्या सातांनी कुणाचीही कसलीही मदत घेतली नव्हती. औषध नाही, सल्ला नाही, साधा एक फोनही नाही. पाकीट चुरगाळून गटारात टाकायचं आणि दात-ओठ खाऊन दिवस काढायचे, एवढाच उपाय त्यांना ठाऊक होता.

या उपायाचा निकाल काय लागतो, यावर जगभर संशोधन झालेलं आहे. काहीही मदत न घेता सोडणाऱ्या शंभरांपैकी सहा महिने ते वर्षभर सिगारेटपासून लांब राहतात ते तीन ते पाच जण. उरलेले पुन्हा टपरीवर येतात. आणि येताना त्यांच्या मनात एक समज पक्का बसलेला असतो: आपल्यात जिद्दच नाही. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान या समजाने होतं, कारण पुढचा प्रयत्न तिथेच मरतो.

आपल्याकडे व्यसन सोडणं हा शपथेचा मामला आहे. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली जाते, गावच्या देवाला सांगितलं जातं, पंढरीला जाऊन गळ्यात तुळशीची माळ घातली जाते. माळ घातल्यावर तंबाखू-विडी कायमची सुटलेली माणसं महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात भेटतील. त्या श्रद्धेला मी कमी लेखत नाही. शिवाय माळ घातल्यावर माणसाला एकट्याने झगडावं लागत नाही. दिंडी असते, एकादशी असते, सोबतचे माळकरी असतात, ते पाहत असतात, विचारत असतात. पण ज्याची शपथ मोडते त्याचं काय? त्याच्या वाट्याला लाज येते. आणि लाजेपोटी माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही.

दारूच्या बाबतीत महाराष्ट्राने ही वाट केव्हाच मागे टाकली. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई त्यांच्या पाठीशी उभे राहिले. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणूस रुग्ण आहे, हे तिथून मराठी घरांत पोचलं. आज कुणाच्या घरात दारूचा प्रश्न असला तर शेजारी हळूच एखाद्या केंद्राचं नाव सुचवतात. सिगारेटवाल्याला मात्र आपण अजून उपदेशच करतो. ‘मनात आणलं तर काय अवघड आहे?’ हे वाक्य ऐकलं नाही असा एकही ओढणारा मला भेटला नाही.

अवघड का आहे, ते शरीराला विचारायला हवं. झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं. तिथे त्याला चिकटायला जागा असतात, ते चिकटलं की डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या मेंदूत या जागांची संख्या वाढलेली असते. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि त्या वाढलेल्या जागा मागणी करू लागतात. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, हात खिशाकडे जातो. ‘टेन्शन आलं की ओढतो’ असं सांगणाऱ्यांचं बरंचसं टेन्शन हे आधीची सिगारेट उतरल्याचं असतं. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०१४ साली २६ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष छापला होता. ज्यांनी सिगारेट सोडली त्यांची चिंता आणि उदासी न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेली दिसली.

एका जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू मुक्ती केंद्रात बसून मी हे सगळं पाहिलं. केंद्र म्हणजे ओपीडीच्या टोकाची एक खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर फुफ्फुसांचा तक्ता. समोर पंचेचाळिशीचे एक एसटी चालक बसलेले, शेजारी त्यांच्या पत्नी. केसपेपर काढून त्यांना छातीच्या डॉक्टरांनी इकडे पाठवलं होतं. समुपदेशक ताईंनी ‘का ओढता’ असं विचारलंच नाही.

"काका, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते?"

"डोळे उघडले की. चहाच्या आधी."

"ताप येऊन अंथरुणात असलात तरी?"

"तरी." पत्नी मान हलवत होत्या.

असे एकूण सहा प्रश्न. कार्ल-ओलोव फागरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. उत्तरांना शून्य ते दहा गुण मिळतात. उठल्यापासून पाच मिनिटांत पहिली पेटवणाऱ्याला त्या एकाच प्रश्नात तीन गुण पडतात. दिवसाला किती ओढता, याइतकंच पहिली केव्हा ओढता याला महत्त्व आहे, कारण रात्रभराचा उपास मेंदूला किती सोसतो ते त्यातून कळतं. काकांना सात गुण पडले. मग ताईंनी मोबाइलएवढं एक यंत्र त्यांच्या हातात दिलं. "श्वास भरून घ्या आणि धरून ठेवा. मी पंधरा मोजते. मग सावकाश सोडा." पडद्यावर १८ आकडा आला. श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडचा तो आकडा. रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवणारा हा वायू चुलीच्या धुरात असतो तसा विडीच्याही धुरात असतो. ताईंनी नळी बदलून स्वतः फुंकून दाखवलं: २. "दोन दिवस ओढली नाहीत तर तुमचाही असाच येईल." वीस वर्षं विडी ओढलेल्या माणसाला दोन दिवसांत दिसणारा फरक कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. काकांनी यंत्र पुन्हा मागून घेतलं आणि आकडा नीट पाहिला.

त्यानंतरचा अर्धा तास हिशेबात गेला. कुठली विडी कुठे लागते? गाडी लावल्यावर कंट्रोलरच्या केबिनपाशी एक, जेवणानंतर एक, मुक्कामाच्या गावी रात्री तीन-चार. त्यातली कुठली चुकवता येईल, कुठल्या वेळी हातात दुसरं काय द्यायचं, कुणाला आधी सांगून ठेवायचं, हे कागदावर उतरलं. सोडण्याची तारीख ठरली, तीही मुक्कामाची ड्युटी नसलेल्या आठवड्यातली. ‘उद्यापासून बंद’ म्हणणाऱ्याला अशी तारीख कुणी काढून देत नाही.

औषधांबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निकोटीनचा गम हा पाणबुडीतून आलेला शोध आहे. १९६७ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या क्लेस लुंडग्रेन यांच्या लक्षात आलं, की पाणबुडीत धूम्रपानाला बंदी असल्याने खलाशी तंबाखू चघळून वेळ भागवतात. त्यांनी ते औषध कंपनीतल्या ओवे फर्नो या ओळखीच्या संशोधकाला कळवलं आणि धुराविना निकोटीन देण्याच्या प्रयोगांतून गम तयार झाला. आपल्याकडे २ मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. ‘घेऊन पाहिला, काही उपयोग झाला नाही’ असं सांगणारे खूप भेटतात. खाल्ला कसा, असं विचारलं की कळतं, चुइंगमसारखा चावला. तसा चावला तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते आणि मेंदूपर्यंत फारसं काही पोचत नाही. गम सावकाश चावायचा. तिखट, झिणझिण चव आली की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा. चव गेली की पुन्हा थोडा चावायचा. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, कारण कॉफी, कोल्ड्रिंक, फळांचा रस यांनी तोंड आंबट झालं की गालातून निकोटीन शोषलं जात नाही. टपरीवर चहाच्या घोटाबरोबर गम चावणाऱ्याचे पैसे वाया जातात, आणि गम कुचकामी आहे हा समज तेवढा पक्का होतो. उठल्याबरोबर पेटवणाऱ्याला २ चा गम पुरत नाही, ४ मिलिग्रॅमचा लागतो, आणि तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो. दंडावर लावायची पट्टी दिवसभर संथपणे निकोटीन देते. पट्टी आणि गम दोन्ही एकत्र वापरल्यास एकट्या गमपेक्षा यश जास्त मिळतं, हेही सिद्ध झालं आहे.

निकोटीन सोडायला निकोटीनच कसं चालेल, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. कॅन्सर, दमा, हृदयाचा झटका हे मुख्यतः धुरातल्या डांबराचं, वायूंचं आणि इतर शेकडो विषारी द्रव्यांचं काम. निकोटीन त्या धुराकडे रोज ओढून नेतं. गम आणि पट्टी ते धुराविना, हळूहळू आणि उतरत्या मात्रेत देतात. जागतिक आरोग्य संघटनेने ही औषधं २००९ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

बिनानिकोटीनच्या गोळ्याही आहेत. बुप्रोपिऑन मुळात नैराश्यावरचं औषध, ज्याला कधी फिट आलेली असेल त्याला ते चालत नाही. व्हॅरेनिक्लिन मेंदूतल्या निकोटीनच्याच जागांवर अर्धवट बसतं. त्याने तलफ कमी होते आणि मधेच सिगारेट ओढली तरी तिची मजा येत नाही. ते सोडण्याच्या तारखेआधी आठवडाभर सुरू करून साधारण बारा आठवडे घेतात. पोटभर खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर घेतलं नाही तर मळमळतं. या गोळीने माणसाचं डोकं फिरतं अशी भीती पूर्वी होती. २०१६ साली लॅन्सेटमध्ये आठ हजारांहून जास्त माणसांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, तीत मानसिक त्रासात लक्षणीय वाढ आढळली नाही, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच वर्षी पाकिटावरचा सगळ्यात कडक इशारा काढून टाकला. या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या.

डॉक्टरांना विचारायला हवं अशी आणखी एक गोष्ट आहे, जी चहाबाज महाराष्ट्रात तर घरोघरी माहीत असायला हवी. धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत कॅफिन भराभर जाळत असतं. सिगारेट थांबली की हा वेग काही दिवसांत उतरतो. मग नेहमीचाच पाच-सहा कप चहा अंगात जवळजवळ दुप्पट कॅफिन ठेवतो. हात थरथरतात, छाती धडधडते, रात्री झोप येत नाही, आणि माणूस म्हणतो, ‘सिगारेट सुटली तर मी वेडा होईन.’ पहिले काही आठवडे चहा-कॉफी निम्म्यावर आणली तरी यातलं बरंच कमी होतं. हीच गोष्ट काही मनोविकारांवरच्या आणि दम्यावरच्या औषधांची. ती घेणाऱ्याने सिगारेट सोडताना डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, मात्रा बदलावी लागू शकते.

पोटाचंही तसंच. ‘सकाळी एक ओढल्याशिवाय साफ होत नाही’ हे आपल्याकडे इतकं सर्रास बोललं जातं, की बायकाही नवऱ्याची सकाळची सिगारेट माफ करतात. निकोटीन आतड्यांना चालना देतं हे खरं आहे, आणि सोडल्यावर काहींना काही दिवस बद्धकोष्ठ होतं. इसबगोल, भरपूर पाणी, ताक, पालेभाजी यांनी ते निभावतं. पण कुणी आधी सांगितलं नाही, तर चौथ्या दिवशी पोटासाठी म्हणून एक पेटवली जाते आणि सगळं मुसळ केरात जातं. वजनही वाढतं, वर्षभरात सरासरी चार-पाच किलो. हेही आधीच सांगावं, लपवू नये.

महाराष्ट्रात एक वेगळी अडचण आहे. २०१६-१७ च्या त्या पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू खाणारे किंवा लावणारे. खर्रा, मावा, मशेरी, चुना लावलेली चिमूट. सिगारेट सोडली असं अभिमानाने सांगणाऱ्याच्या गालात पुष्कळदा मावा असतो. मेंदूला निकोटीन मिळत राहतं, आणि फुफ्फुसाचा धोका तोंडाकडे सरकतो. केंद्रात हा प्रश्न हमखास विचारला जातो: ‘आणि तोंडात काय ठेवता?’ घरचे लोक हा प्रश्न विचारायला विसरतात. विडीबद्दलही ‘पानाची आहे, नैसर्गिक आहे’ असा दिलासा ऐकू येतो. तेंदूच्या पानातून हवा कमी शिरते, म्हणून विडी विझू नये यासाठी जास्त वेळा आणि जोरात ओढावी लागते. २००८ साली भारतातल्या मृत्यूंवर झालेल्या मोठ्या अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी, बायकांचं आठ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं दहा वर्षांनी घटलेलं आढळलं.

सोडल्यावर यातलं किती परत मिळतं, त्याचं सर्वांत भरवशाचं उत्तर ब्रिटिश डॉक्टरांच्या अभ्यासात आहे. १९५१ मध्ये रिचर्ड डॉल यांनी सुरू केलेला हा अभ्यास पन्नास वर्षं चालला. तिशीत सोडणाऱ्याची दहा वर्षं वाचतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत तीन. साठीला ‘आता काय उपयोग’ म्हणणाऱ्या आजोबांना हा शेवटचा आकडा जरूर सांगावा.

सगळ्यात जास्त करण्यासारखं आहे ते गावोगावच्या साध्या डॉक्टरांना. लंडनमधल्या २८ जनरल प्रॅक्टिशनरांनी दोन हजारांवर ओढणाऱ्यांसोबत केलेला प्रयोग १९७९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना डॉक्टरांनी एक-दोन मिनिटांत ‘सोडा’ असं स्पष्ट सांगितलं, हातात पत्रक दिलं आणि पुन्हा विचारणार आहे असं बजावलं, त्यांच्यातले ५.१ टक्के वर्षभराने सिगारेटमुक्त होते. ज्यांना काहीच सांगितलं नाही त्यांच्यातले ०.३ टक्के. दोन मिनिटांच्या बोलण्याला एवढं फळ देणारे उपचार वैद्यकात फार नाहीत. आपल्याकडच्या २०१६-१७ च्या पाहणीत डॉक्टरकडे गेलेल्या ओढणाऱ्यांपैकी निम्म्यांनाही असा सल्ला मिळाला नव्हता. खोकल्याची बाटली लिहून देताना आपल्या फॅमिली डॉक्टरांनी एवढं एक विचारावं, आणि त्यांनी विचारलं नाही तर पेशंटने आपणहून विषय काढावा. ‘डॉक्टर, मला सोडायची आहे, औषध द्या’ असं म्हणायला लाजायचं कारण नाही. रक्तदाबाची गोळी मागताना आपण लाजत नाही.

दवाखान्यापर्यंत जायचं नसेल त्यांच्यासाठी पाकिटावरचा तो नंबर. ही सेवा २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली. २०१८ मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बंगळुरूचं निम्हान्स आणि गुवाहाटीचं बरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट तिला जोडली गेली, आणि मराठीत बोलणारे समुपदेशक मिळू लागले. फोनवर तेच प्रश्न, तीच तारीख. पुढे समुपदेशक आपणहून फोन करतात, सोडण्याच्या दिवशी आणि नंतरही. चेहरा दाखवायचा नाही, रांगेत उभं राहायचं नाही. लपून ओढणाऱ्या मुलींना आणि बायकांना तर ही वाट फार सोयीची आहे, कारण त्यांना गावातल्या दवाखान्यात हा विषय काढणं पुरुषांपेक्षा कितीतरी जड जातं.

घरच्यांनीही या फोनवर बोलावं, किंवा केंद्रात सोबत जावं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात, तलफ काही मिनिटं टिकते आणि ओसरते, दोन ते चार आठवड्यांत चिडचिड निवळते, हे बायकोला किंवा आईला ठाऊक असलं तर ती भांडणात भर घालत नाही. चालक काकांच्या पत्नीने वहीत हे सगळं लिहून घेतलं होतं.

सोडल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात काका खाली मान घालून केंद्रात आले. पुतण्याच्या हळदीला रात्रभर जागरण झालं आणि पहाटे मित्राने पुढे केलेली विडी त्यांनी घेतली, मग त्या दिवशी आणखी चार. ‘पुन्हा पहिल्यापासून,’ ते म्हणाले. ताईंनी केसपेपर उघडला. अठरा दिवस कोरे गेले होते, ते आधी मोजले. मग विचारलं, इथून दिलेला गम त्या वेळी खिशात होता का? नव्हता, तो बॅगेत राहिला होता. पट्टी? आदल्या दिवशी संपली होती. गालाशी ठेवलेला गम चहाआधी काढता का? नाही. डॉक्टरांना विचारून त्यांनी पट्टी पुन्हा सुरू केली, गम २ चा ४ केला, मुक्कामाच्या रात्रींसाठी गमची वेगळी स्ट्रिप शर्टाच्या खिशात ठेवायला सांगितली आणि लग्नसराईतल्या उरलेल्या तारखा विचारून लिहून घेतल्या. पुढची भेट गुरुवारी ठरली.